धूमकेतूचा फोटो: देखावा की साक्ष?

(दुधनी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर इथं दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून दोघातिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "मॅडम, कॅमेऱ्याचं सेटिंग सांगणार ना?" सांगेन, थोडं सांगेन. पण आज मला मुख्यतः समीक्षा करायची आहे. आपल्याकडे कथेची समीक्षा होते, नाटकाची होते, कालच्या क्रिकेट सामन्याची तर चहाच्या टपरीवर तासभर होते. फोटोची मात्र होत नाही. फोटो आला की आपण 'एक नंबर' म्हणतो आणि पुढच्या ग्रुपवर ढकलतो. माझं म्हणणं असं, की धूमकेतूच्या फोटोच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. तो नीट वाचावा लागतो, कारण तो एकाच वेळी चित्रही असतो आणि पुरावाही. चित्र म्हणून तो कसाही असो, पुरावा म्हणून खोटा निघाला तर त्याचं नुकसान कुणाला तरी सोसावं लागतं. ते कुणाला, हेच आज बघायचं आहे.

आधी नावाचं बघू. धूमकेतूला आपल्या जुन्या मराठीत शेंडेनक्षत्र म्हणत. शेंडी असलेलं नक्षत्र. दुधनीत निम्मं गाव घरात कन्नड बोलतं, त्यांना 'बालचुक्की' ठाऊक असेल. 'बाल' म्हणजे शेपूट, 'चुक्की' म्हणजे चांदणी. दोन्ही शब्द बघा, किती साधे आहेत. डोळ्यांना जे दिसलं तेच नाव दिलं. कुणी त्याला 'आकाशातला अग्निलोळ' म्हटलं नाही. नाव ठेवणाऱ्यांनी जो संयम पाळला तो फोटो काढणाऱ्यांनी का सोडला, हा माझा पहिला प्रश्न.

आता उदाहरण जवळचंच घेऊ. २०२४ चा ऑक्टोबर आठवा. १२ तारखेला दसरा होता, १६ ला कोजागिरी. बरोबर या दोन सणांच्या मधे सी/२०२३ ए३ हा धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. त्याचं बोलीतलं नाव त्सुचिनशान-अ‍ॅटलस. चीनमधल्या पर्पल माउंटन वेधशाळेनं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅटलस दुर्बिणीनं तो २०२३ च्या सुरुवातीला शोधला, म्हणून हे जोडनाव. २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या सगळ्यात जवळून गेला आणि १२-१३ ऑक्टोबरला पृथ्वीच्या जवळून. जवळून म्हणजे सुमारे ७ कोटी किलोमीटरवरून!

दुधनीच्या दृष्टीनं हा धूमकेतू मोठा सोयीचा होता. सप्टेंबरअखेरीला तो पहाटे पूर्वेला दिसायचा, म्हणजे इथून कलबुर्गीच्या अंगाला. तिकडं शहराचा उजेड. त्याआधी २०२० च्या जुलैत निओवाइज आला होता, तो संध्याकाळी वायव्येला, म्हणजे अक्कलकोट-सोलापूरच्या उजेडावर, आणि त्यात पावसाळा. २०२४ मध्ये मात्र संध्याकाळी धूमकेतू नीट पश्चिमेला होता आणि त्या बाजूला इथं जवळ एकही मोठं शहर नाही. स्टेशन ओलांडून शेताच्या बांधावर उभं राहिलं की झालं.

बांधावरून डोळ्यांना काय दिसायचं? १४ तारखेचं सांगते. सूर्य बुडून पाऊण तास झालेला. डावीकडे शुक्र झगझगीत, उजवीकडे स्वातीचा तारा. दोघांच्या मधे, क्षितिजापासून जेमतेम मूठभर उंचीवर एक धूसर ठिपका, आणि त्यातून वर गेलेला पुसट पट्टा. पाटीवर खडूची रेघ ओढून तळव्यानं पुसली की मागं जे उरतं ना, तसा. रंग विचाराल तर काही नाही, करडाच.

आणि फोटोत काय होतं? हिरवट-निळं डोकं, सोनेरी शेपूट, अर्धं आकाश व्यापलेलं, खाली एखादा किल्ला नाहीतर देवळाचा कळस. हा फोटो बघून माणूस उत्साहानं गच्चीवर जातो, म्हाताऱ्या आईला जिना चढवून नेतो, पोरांना खांद्यावर घेतो. दिसतो तो पुसट पट्टा. मग तोंडातून निघतं, "एवढंच?" मंडळी, हे 'एवढंच' फार वाईट. ७ कोटी किलोमीटरवरची धूळ आपल्या उघड्या डोळ्यांना दिसते आहे, एरवी ही गोष्ट माणसाला जन्मभर पुरली असती. पण आधी बघितलेल्या फोटोनं तिची किंमत शून्यावर आणून ठेवली. पुढच्या वेळी धूमकेतू येईल तेव्हा हा माणूस जिना चढणार नाही. नुकसान कुणाचं, ते हे.

आता कुणी म्हणेल, मग काय, कॅमेरा खोटं बोलतो? मुळीच नाही. हा गैरसमज आधी दूर करू या. आपला डोळा उजेड साठवून ठेवत नाही. क्षणभराचा उजेड घेतो, मेंदूकडे पाठवतो, पुन्हा कोरा होतो. शिवाय अंधारात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ झोपलेल्या असतात. कॅमेरा दहा सेकंद उघडा राहिला तर दहा सेकंदांचा उजेड एकावर एक रचतो, आणि त्याला रंगही कळतात. डोक्याचा हिरवा रंग खरा आहे, तो वायूतल्या कार्बनच्या रेणूंचा. शेपटीची पिवळसर झाक खरी आहे, ती धुळीवरून परतलेल्या उन्हाची. तेव्हा कॅमेऱ्यानं डोळ्यापेक्षा जास्त दाखवणं हा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. 'हे दहा सेकंदांचं आकाश आहे' एवढं सांगायचं राहून जातं, तिथं दोष सुरू होतो.

आणि सेटिंग विचारणाऱ्यांसाठी इथंच सांगून टाकते. पृथ्वी फिरते म्हणून चांदण्या सरकतात. त्या लांबट होऊ नयेत यासाठी जुना ठोकताळा आहे. पाचशेला भिंगाच्या मिलिमीटरनं भागा, जेवढं येईल साधारण तेवढे सेकंद. ५० चं भिंग असेल तर १० सेकंद, २०० चं असेल तर अडीच. हा हिशेब मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरचा. लहान सेन्सरला सेकंद आणखी कमी करा. स्टँड पक्का हवा, फोकस हातानं एखाद्या ठळक ताऱ्यावर बसवायचा, बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून टायमर लावायचा. बाकी सगळं सरावाचं.

थोडं इतिहासात जाऊ, कारण हा वाद नवा नाही. १८५८ साली डोनाटीचा धूमकेतू आला. एकोणिसाव्या शतकातल्या अतिशय देखण्या धूमकेतूंपैकी एक. इंग्लंडमध्ये विल्यम अशरवुड नावाच्या व्यावसायिक चित्रकार-छायाचित्रकारानं २७ सप्टेंबरला माणसांचे फोटो काढायचं भिंग वापरून त्याचा फोटो घेतला. सात सेकंदांचा. धूमकेतूचा हा जगातला पहिला फोटो, आणि तो आज उपलब्ध नाही, हरवला. दुसऱ्या रात्री अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत बाँड यांनी मोठ्या दुर्बिणीतून प्रयत्न केला, तर कित्येक मिनिटं काच उघडी ठेवूनही फक्त मधला तेजस्वी भाग उमटला. म्हणजे बघा, वेधशाळेच्या अवाढव्य दुर्बिणीपेक्षा स्टुडिओवाल्याचं भिंग सरस ठरलं, कारण ते उजेड जास्त झटपट घेणारं होतं.

त्याच धूमकेतूचं एक रंगचित्र आहे. विल्यम डाइस या चित्रकाराचं 'पेगवेल बे'. समुद्रकाठची संध्याकाळ, ओहोटी लागलेली, बायका-मुलं शिंपले वेचताहेत. धूमकेतू कुठं आहे? वर आकाशात, इतका फिकट की शोधावा लागतो. चित्रातलं कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि चित्राच्या नावातच चित्रकारानं तारीख घातली आहे: ५ ऑक्टोबर १८५८ ची आठवण. माझ्या मते आजच्या धूमकेतू-फोटोग्राफरनं भिंतीवर लावावं असं हे चित्र आहे. यात जमीन मोठी आहे, धूमकेतू लहान आहे आणि तारीख लिहिलेली आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या. आणि तरीही बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण त्या छोट्या पट्ट्यामुळे खालचा किनारा एकदम क्षणभंगुर वाटायला लागतो. परिणाम साधायला धूमकेतू फुगवावा लागत नाही, हे त्यानं हातानं रंगवून सिद्ध केलं.

पुढं १८८२ साली सप्टेंबरचा महाधूमकेतू आला. दक्षिण आफ्रिकेत केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेचे प्रमुख होते डेव्हिड गिल. त्यांच्याकडे दुर्बीण होती, पण फोटोचा अनुभव नव्हता. त्यांनी काय केलं? जवळच्या माउब्रे गावचे फोटोग्राफर अ‍ॅलिस यांना बोलावलं. अ‍ॅलिस यांचा कॅमेरा दुर्बिणीवर बांधला, दुर्बीण आकाशाबरोबर फिरवत ठेवली आणि अर्ध्या तासापासून दोन तासांहून जास्त वेळ काच उघडी ठेवली. धूमकेतू तर आलाच, पण त्याच्यामागं शेकडो तारे उमटले. गिल यांनी ते नुसते कौतुकानं बघितले नाहीत. आकाशाचा नकाशा फोटोवरून करता येईल, हे त्यांना तिथं सुचलं. त्यातून दक्षिण आकाशातल्या साडेचार लाखांवर ताऱ्यांची यादी तयार झाली. धूमकेतू निघून गेला, यादी राहिली. आता विचार करा, अ‍ॅलिस यांनी फोटो 'उठावदार' दिसावा म्हणून मागचे तारे पुसले असते तर?

म्हणजे फोटोत आपल्याला बिनमहत्त्वाचं वाटतं तेच उद्या महत्त्वाचं ठरू शकतं. म्हणून खाडाखोड करताना हात जपून.

पण नुसता फोटो खरा असून भागत नाही. त्याच्याखाली लिहिलेलं वाक्यही खरं लागतं. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात सायनोजेन हा विषारी वायू ओळखता आला. वर्णपट बरोबर, वायूही बरोबर. पण पृथ्वी १८-१९ मेच्या सुमारास त्याच्या शेपटीतून जाणार होती, आणि वर्तमानपत्रांनी दोन्ही गोष्टींची मोळी बांधली. कित्येक देशांत लोक घाबरले, काही ठिकाणी धूमकेतूवरच्या गोळ्यासुद्धा विकल्या गेल्या. शेपटीतला वायू इतका विरळ असतो की आपल्या हवेपुढं तो नसल्यासारखाच, हे वाक्य मथळ्यात कुणी घेतलं नाही.

१९८६ ला हॅले पुन्हा आला. १३-१४ मार्चच्या रात्री युरोपचं जोत्तो यान त्याच्या गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. माणसानं धूमकेतूचा गाभा इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितला, आणि ते टीव्हीवर थेट दाखवलं. पण दाखवलं ते कृत्रिम रंगांत. उजेड किती आहे ते कळावं म्हणून शास्त्रज्ञांनी लाल, निळे, पिवळे पट्टे नेमलेले. त्यांना ते समजत होतं, घरी बसलेल्यांना रंगाचे डाग दिसत होते. प्रत्यक्षात तो गाभा कोळशासारखा काळा, पंधराएक किलोमीटर लांबीचा. कुणी खोटं बोललं नव्हतं, तरी लोकांपर्यंत खरं पोचलं नाही. रंग कुठून आला, हे एक वाक्य न सांगितल्यामुळे.

आपल्या २०२४ च्या धूमकेतूबरोबरही एक वाक्य फिरत होतं: 'आता ८० हजार वर्षांनीच दिसणार.' मंडळी, या धूमकेतूची कक्षा इतकी लांबट आहे की मापात केसाएवढा फरक पडला तरी उत्तर हजारो-लाखो वर्षांनी बदलतं. तो परत येईलच, असंही छातीठोक सांगता येत नाही. पण फोटोखाली आकडा असला की फोटो भारदस्त वाटतो, म्हणून आकडा.

आता समीक्षेच्या कामाला लागू. फोटो समोर आला की मी चार गोष्टी बघते. तुम्हीही बघू शकता, दुर्बीण लागत नाही.

पहिली, शेपटीची दिशा. धूमकेतू पळतो म्हणून शेपूट मागं राहते असं पुष्कळांना वाटतं, बैलगाडीमागच्या धुळीसारखं. तसं नाही. सूर्याचा प्रकाश आणि सूर्याकडून येणारा कणांचा वारा यांमुळे ती सूर्यापासून दूर ढकलली जाते. संध्याकाळी सूर्य पश्चिम क्षितिजाखाली आहे, तेव्हा डोकं खाली आणि शेपूट वर. संध्याकाळचा फोटो आहे आणि धूमकेतू डोक्यावर पडणाऱ्या फटाक्यासारखा खाली शेपूट करून आहे, तर काहीतरी गडबड आहे. एक अपवाद सांगायला हवा. २०२४ मध्ये १४ ऑक्टोबरच्या आसपास एक बारीक रेघ खालीही, सूर्याच्या दिशेनं दिसत होती. धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीत पसरलेली जाडी धूळ आपल्याला त्या दिवशी अगदी कडेवरून दिसली, ताट कडेवरून बघितलं की रेघ दिसते तशी. पण ती मुख्य शेपटीला जोडून, तिच्याबरोबर दिसते, तिच्याऐवजी नव्हे.

दुसरी, शेपटीचा कल. ही माझी आवडती कसोटी, कारण यात दुधनीचा अक्षांश कामाला येतो. आपण साधारण १७ अंश उत्तरेला आहोत. इथं तारे जवळजवळ सरळ खाली उतरून मावळतात. गणित करून बघा, १४ ऑक्टोबरला इथून शेपूट जवळपास उभी दिसायला हवी, समईच्या ज्योतीसारखी. लंडनजवळ, ५० अंशांच्या वर, तीच शेपूट त्याच दिवशी डावीकडे चांगलीच कललेली. आता तुमच्याकडे 'आपल्या गावच्या देवळावरचा धूमकेतू' आला आणि शेपूट तिरकी आहे, तर त्या आकाशानं पासपोर्ट काढलेला असण्याची शक्यता आहे. (हशा) हसू नका, देऊळ इथलं आणि आकाश युरोपातलं असं जोडकाम अवघड राहिलेलं नाही.

तिसरी, चंद्र. १४ ऑक्टोबरला पौर्णिमेला जेमतेम तीन दिवस होते. मोठा चंद्र आग्नेयेकडे वर आलेला. म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून काढलेल्या फोटोत समोरची जमीन पाठीमागच्या चांदण्यानं उजळलेली असणार. तुरीच्या ओळी दिसणार, बांधाच्या दगडांना सावल्या असणार. आणि अशा चांदण्यात आकाशगंगा ठळक दिसायची नाही. ज्या फोटोत त्या रात्री काळंकुट्ट आकाश, भरघोस आकाशगंगा आणि धूमकेतू असं सगळं एकत्र आहे, त्याला नम्रपणे विचारावं, चंद्र कुठं ठेवलात?

चौथी, आकार. हात लांब करून मूठ धरली की आकाशात साधारण १० अंश झाकले जातात. ५० च्या भिंगाच्या आडव्या फोटोची उंची सुमारे २७ अंश. म्हणजे मुठीएवढी शेपूट फोटोच्या उंचीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास यावी. २४ च्या भिंगात उंची ५३ अंश, तिथं पाचवा हिस्सा. विस्तीर्ण डोंगररांग आहे, अख्खा किल्ला आहे, अर्धी नदी आहे, आणि धूमकेतूनं तरीही वरचा पाऊण भाग भरला आहे, तर एकतर दोन वेगवेगळ्या भिंगांचे दोन फोटो जोडलेत, नाहीतर धूमकेतू ताणलाय.

आता इथं मला न्यायानं बोललं पाहिजे. फोटो जोडणं हे पाप नाही. धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत असतो. वीस-तीस फोटो एकावर एक रचताना तारे जुळवले तर धूमकेतू पुसट होतो, धूमकेतू जुळवला तर तारे रेघा होतात. म्हणून जाणकार दोन्ही रचना वेगळ्या करतात आणि मग एकत्र आणतात. जमिनीसाठी वेगळा, जास्त वेळाचा फोटो घेतात. हे सगळं मान्य, अट एवढीच की आकाश आणि जमीन एकाच जागेवरचे, एकाच संध्याकाळचे, एकाच मापाचे असावेत, आणि काय केलं ते लिहावं. धूमकेतूला दुप्पट मोठा करून किल्ल्यावर बसवणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात कारागिरी असेल, ते चित्र म्हणून विकायलाही हरकत नाही. पण त्याला धूमकेतूचा फोटो म्हणू नये.

किल्ला आणि धूमकेतू या जोडीबद्दलही मला तक्रार आहे, निव्वळ चित्र म्हणून. महाराष्ट्रात आकाशाचा फोटो म्हटलं की किल्ला, देऊळ नाहीतर पुतळा हवाच अशी रीत पडली आहे. का? दोन भव्य गोष्टी शेजारी ठेवल्या की दोन्ही लहान होतात. किल्ला दिमाखाला येतो, धूमकेतू मुकुटावरचा तुरा होतो. त्याऐवजी आपल्या दुधनीचं काय आहे ते आठवा. रेल्वेचा सिग्नल आहे, फुलावर आलेली तूर आहे, अडत दुकानाबाहेरच्या पोत्यांच्या थप्प्या आहेत, बंद पडलेला पाण्याचा हौद आहे. सिग्नलचा तांबडा ठिपका आणि वर करडी रेघ, एवढाच फोटो असेल तर मी त्याच्यासमोर दहा मिनिटं उभी राहीन. कारण तो दुसरीकडे कुठंच काढता येणार नाही. त्यातून मला कळेल की त्या संध्याकाळी या गावावर काय होतं.

आणि आपल्या जिल्ह्याला याची परंपरा आहे, ही गोष्ट मुद्दाम सांगायला मी आले आहे. तुमच्याच रेल्वेमार्गावर, सोलापूरच्या पलीकडे, करमाळा तालुक्यात जेऊर स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ ला तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला तिथं तळ ठोकून होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही कॅम्पबेल यांच्या हाताखाली त्याच परिसरात उतरली होती. खग्रास अवस्था किती? दोन मिनिटं, बस्स. तेवढ्यासाठी काही जण अर्धी पृथ्वी ओलांडून आले. त्या फोटोंचं मोल आज कशात आहे? काच किती सेकंद उघडी होती, उपकरण कोणतं, जागा कोणती, हे सगळं नोंदलं गेलं यात आहे. नेगमवालांनी पुढं त्याचा अहवाल छापला. सोलापूर जिल्ह्याच्या मातीवर आकाशाचा फोटो ही सव्वाशे वर्षांपूर्वी नोंदवहीसकट काढायची गोष्ट होती.

तुम्ही म्हणाल, ते प्राध्यापक, आम्ही स्टुडिओवाले. मग एडवर्ड बर्नार्ड यांचं ऐका. अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावचा गरीब घरचा मुलगा. नवव्या वर्षी फोटो स्टुडिओत कामाला लागला. काम काय, तर फोटो मोठा करायचं एक अवजड यंत्र दिवसभर सूर्याकडे वळवत राहायचं. शाळा जवळजवळ नाहीच. पुढं त्यानं दुर्बीण घेतली, धूमकेतू शोधले, आणि त्या काळी धूमकेतू शोधणाऱ्याला मिळणाऱ्या बक्षिसाच्या पैशांतून घर बांधलं. १२ ऑक्टोबर १८९२ ला लिक वेधशाळेत त्यानं फोटोवरून धूमकेतू शोधला. फोटोवरून सापडलेला तो पहिला धूमकेतू. स्टुडिओत शिकलेली चिकाटी आणि काच धुण्याचा हात, दोन्ही तिथं कामी आले.

बोलायला जागा थोडी ठेवते. काही प्रश्न असतील तर विचारा.

(एका लग्नाच्या फोटोग्राफरनं विचारलं: "मॅडम, अल्बममध्ये आम्ही मागचं आकाश रोज बदलतो. गिऱ्हाईकच मागतं. तिथं कुणी खोटं म्हणत नाही, मग इथंच का?")

छान विचारलंत अण्णा. नवरा-नवरीला पक्कं ठाऊक असतं की आपण मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीशी उभे होतो. मागं बर्फाचा डोंगर आला तर ती गंमत आहे, फसवणूक कुणाचीच नाही. धूमकेतूचा फोटो बघणाऱ्याला मात्र धूमकेतू माहीत नसतो. तो तुमच्या फोटोवरूनच त्याला ओळखणार आहे. तुम्ही त्याच्या डोळ्यांच्या जागी उभे असता. म्हणून तिथला नियम कडक.

(दुसरा प्रश्न: "मोबाइलवर येतो का?")

येतो. ठळक धूमकेतू असेल आणि मोबाइल कशाला तरी टेकवून घट्ट ठेवला तर रात्रीच्या मोडवर येतो. २०२४ मध्ये कित्येकांनी असा काढला. पण लक्षात घ्या, रात्रीच्या मोडमध्ये मोबाइल स्वतःच अनेक फोटो घेऊन जोडत असतो. म्हणजे जोडकाम सगळेच करताहेत, तुम्ही न सांगता तुमचा फोनही. म्हणून पुन्हा तेच सांगते, फोटोखाली दोन ओळी लिहा. तारीख, वेळ, गाव, कोणत्या दिशेला तोंड होतं, कोणतं भिंग किंवा फोन, किती सेकंद, आणि काही जोडलं-बदललं असेल तर ते. शेवटी आणखी एक ओळ लिहिलीत तर मी तुम्हाला गुरू मानेन: 'नुसत्या डोळ्यांना एवढं दिसत नव्हतं' किंवा 'डोळ्यांनाही दिसत होतं'. ती ओळ वाचून जो जिना चढेल, तो 'एवढंच?' म्हणणार नाही. तो नीट अंधार होईपर्यंत थांबेल, डोळे सरावू देईल, आणि त्याला रेघ सापडेल.

शेवटचा मुद्दा समोर बसलेल्या मुलांसाठी. हॅलेचा धूमकेतू डिसेंबर २०२३ मध्ये सूर्यापासूनच्या आपल्या सगळ्यात दूरच्या टोकाला पोचला आणि परत फिरला. आत्ता, आपण इथं बोलतोय तेव्हा, तो इकडंच यायला निघालाय. २०६१ च्या जुलैअखेरीला तो सूर्याजवळ असेल. तुम्ही तेव्हा पन्नाशीच्या आसपास असाल. तोपर्यंत न सांगता येणारे दोन-चार ठळक धूमकेतू मधेच येऊन जातील, कारण धूमकेतूंना आमंत्रण लागत नाही. तुमच्यातल्या कुणी दुधनीतून त्यांचे फोटो काढले आणि खाली त्या दोन ओळी लिहिल्या, तर २०६१ ला ते शेजारी ठेवून या गावाचं आकाश किती उजळलं, किती टिकलं, हे सांगता येईल. स्टेशनजवळ नवा हायमास्ट लागला की चांदण्या किती कमी झाल्या, याची साक्ष तुमच्या फोटोतून निघेल. किल्ल्यावर चिकटवलेल्या सोनेरी धूमकेतूतून नाही निघणार.

वेळ संपली आहे.   ज्यांना सेटिंग लिहून हवं आहे त्यांनी खाली भेटा, वही घेऊन या.